घर सोडण्याचाही हक्क हवा

भाडेकरूला घराबाहेर काढता कामा नये, ही समाजवादी चळवळीची जुनी मागणी आहे. तिच्यासाठी मोर्चे निघाले, सत्याग्रह झाले, कायदे झाले. राहत्या जागेतून हुसकून लावला जाणारा माणूस आपल्या भाषणांत आणि ठरावांत नेहमीच येतो. परंतु ज्याला घर सोडणे भाग आहे आणि जो ते सोडू शकत नाही, अशा भाडेकरूची दखल आपण कधी घेतल्याचे मला आठवत नाही. हा प्रश्न किरकोळ आहे, दोन व्यक्तींच्या करारातला आहे, त्यात पक्षाने पडण्यासारखे काय आहे, असे पुष्कळांना वाटेल. परवापरवापर्यंत मलाही तसेच वाटत होते. ते मत बदलण्यास कारण झाला तो माझाच एक करार, आणि त्या करारात मी भाडेकरू नव्हतो, घरमालक होतो.

आमच्या रत्नागिरीतील घराची माडी मी भाड्याने दिली होती. भाडेकरू म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणारी एक तरुण प्राध्यापिका. भाडे महिना ७,५०० रुपये, अनामत ३०,००० रुपये, मुदत जुलै ते मे अशी अकरा महिन्यांची. करार एजंटाने आणला, आम्ही दोघांनी अंगठे उमटवले, आणि आयुष्यभर विद्यार्थ्यांना छापील मजकूर नीट वाचा म्हणून सांगणाऱ्या या माणसाने तो करार वाचला नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिच्या वाट्याच्या तासिका निम्म्यावर आल्या. चिपळूणला दुसरे काम मिळत होते. नोव्हेंबर संपताना ती खाली आली आणि म्हणाली, ‘सर, करारात काय लिहिलंय ते मला ठाऊक आहे. अनामत तुम्ही ठेवून घ्या. फक्त वरच्या रकमेसाठी मला सवलत द्या, ती मी हप्त्यांनी देईन.’

वरची रक्कम कोणती, हे मला कळेना. म्हणून मी प्रथमच करार वाचला. त्यात लॉक-इन नावाचे कलम होते. अकरा महिने पूर्ण होण्यापूर्वी परवानाधारकाने जागा सोडल्यास उरलेल्या सर्व महिन्यांचे भाडे त्याने द्यावे, आणि मालकाने ते अनामतीतून वळते करून घेऊन बाकीची रक्कम वसूल करावी, असा त्याचा अर्थ. सहा महिने उरले होते, म्हणजे ४५,००० रुपये. अनामत वजा जाता १५,००० रुपये तिने मला आणखी द्यायचे होते. एजंटाला विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘सर, फॉर्मच तसा येतो.’

आता या व्यवहाराचे साधे अर्थशास्त्र पाहू. माडी पंधरा दिवस रिकामी राहिली. डिसेंबरच्या मध्याला दुसरे कुटुंब त्याच भाड्याने राहायला आले. माझे प्रत्यक्ष नुकसान झाले ते पंधरा दिवसांच्या भाड्याचे, म्हणजे ३,७५० रुपयांचे. करार मला देत होता ४५,०००. मधल्या ४१,२५० रुपयांच्या बदल्यात मी काय दिले असते? काहीही नाही. डिसेंबरच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत एकाच माडीचे भाडे मी दोन कुटुंबांकडून घेतले असते, त्यातले एक तेथे राहत होते आणि दुसरे तेथून निघून गेले होते. न केलेल्या सेवेचे मोल घेणे याला अर्थशास्त्रात खंड म्हणतात. व्यवहारात याला वेगळे नाव आहे, ते येथे लिहीत नाही.

मी पंधरा दिवसांचे भाडे ठेवून बाकी अनामत परत केली. त्याबद्दल कोणी पाठ थोपटावी असे त्यात काही नाही. उलट मला टोचले ते हेच की, तिची २६,२५० रुपयांची कमाई माझ्या मर्जीवर अवलंबून होती. तिने मागितली ती सवलत, हक्क नव्हे. मालक बरा निघाला तर पैसे परत, नाही तर गेले. ज्या जिल्ह्याने खोताच्या मर्जीवर पिढ्यान् पिढ्या कुळे जगताना पाहिली, त्या जिल्ह्यातील माणसाला तरी मर्जी आणि हक्क यांतला फरक समजावून सांगावा लागू नये. खोतांतही काही भले खोत होते. म्हणून काही १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडावयाचे थांबवले नाही. प्रश्न खोत भला की वाईट हा नव्हता. एका माणसाचे पोट दुसऱ्याच्या स्वभावावर टांगलेले असावे काय, हा होता.

या प्रसंगानंतर मी ओळखीच्यांना त्यांचे करार दाखवण्यास सांगितले. मारुती मंदिर, नाचणे रस्ता, कुवारबाव, खेडशी या भागांत भाड्याने राहणारे कोण आहेत? बँकांचे बदलीवर आलेले कर्मचारी, मिरजोळे औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगार, रुग्णालयांतील कंत्राटी परिचारिका, महाविद्यालयांतील विद्यार्थी, आणि मघाशी सांगितलेले तासिकांवरचे अध्यापक. यांतील बहुतेकांची नोकरी महिन्याच्या सूचनेने, कित्येकांची तर सूचनेशिवाय सुटू शकते. ज्याला नोकरी देणारा तीस दिवसांची हमी देत नाही, त्याच्याकडून घर देणारा अकरा महिन्यांची हमी घेतो. कंत्राटी श्रमाची अनिश्चितता आणि लॉक-इनची निश्चितता या दोन दगडांमध्ये हा नवा श्रमिक भरडला जात आहे. म्हणूनच हा प्रश्न दोन व्यक्तींच्या करारातला नाही. तो वर्गाचा प्रश्न आहे.

ही व्यवस्था कशी आली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. पहिल्या महायुद्धात मुंबईत जागांची टंचाई झाली आणि १९१८ साली भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला. १९३९ साली दुसरा आला, आणि स्वातंत्र्याच्या वर्षी १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा. त्याने सर्वसाधारणपणे १ सप्टेंबर १९४० चे भाडे हे प्रमाणभूत मानले आणि भाडेकरूला घरात राहण्याचे संरक्षण दिले. श्रमिकांच्या दोन पिढ्या या संरक्षणामुळे मुंबईत टिकल्या. तथापि भाडी गोठलेलीच राहिली, इमारती खचू लागल्या, आणि मालकांनी कायद्याला बगल देणारी वाट शोधली. ती वाट म्हणजे ‘लीव्ह अँड लायसन्स’. भाडेपट्ट्यात जागेतील काही हक्क भाडेकरूकडे जातो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातील परवान्यात तसा कोणताच हक्क जात नाही, केवळ वापरण्याची मुभा मिळते. कागदावर शब्द बदलला की भाडेकरूचे संरक्षण गेले.

महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७३ साली ही पळवाट अंशतः बुजवली. १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्याने राहत असलेल्यांना त्या दुरुस्तीने भाडेकरूचा दर्जा दिला. परंतु पुढे वारे फिरले. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी कालांतराने अवाजवी झाल्याचे म्हटले. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा झाला आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम २४ ने राहण्यासाठी दिलेल्या जागेच्या परवान्याला राजमान्यता दिली. मुदत संपल्यावर परवानाधारकाने जागा न सोडल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन संक्षिप्त पद्धतीने ताबा मिळवू शकतो. तोवरच्या काळासाठी परवानाधारकास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. आणि लेखी करारात जे नमूद असेल तो त्या गोष्टीचा निर्णायक पुरावा ठरतो.

मालकांची भीती खोटी होती, असे मी म्हणणार नाही. निवृत्तीच्या पैशातून एखादा ब्लॉक घेतलेल्या शिक्षकाला तो भाड्याने दिल्यावर परत मिळेल की नाही याची धास्ती होती, आणि त्या धास्तीपायी हजारो घरे कुलूपबंद राहत होती. कलम २४ ने ती धास्ती घालवली. पण येथे एक सौदा झाला, तो आपण नीट पाहिला नाही. भाडेकरूने आपले स्थैर्य सोडून दिले. मुदत संपली की निघायचे, कारण विचारायचे नाही, हे त्याने मान्य केले. त्याच्या बदल्यात त्याला निदान मोकळीक मिळावयास हवी होती: मला कायमचे राहता येत नाही, तर मग मला हवे तेव्हा जाता तरी यावे. लॉक-इनने तीही काढून घेतली. पूर्वीच्या भाडेकरूला राहण्याचा हक्क होता. आजच्या परवानाधारकाला राहण्याचाही हक्क नाही आणि जाण्याचाही नाही.

कायद्याच्या चौकटीत हा एकतर्फीपणा सर्वत्र दिसतो. मालकाला ताबा हवा असेल तर त्याच्यासाठी सक्षम प्राधिकारी आहे. भाडेकरूला अनामत परत हवी असेल तर त्याच्यासाठी दिवाणी न्यायालय आहे, वकील आहे, तारखा आहेत. तीस हजारांसाठी तीन वर्षे हेलपाटे कोण घालील? मुद्रांक शुल्काचे उदाहरण तर याहून बोलके आहे. परवाना करारावर महाराष्ट्रात पाव टक्का शुल्क आहे. ते काढताना करारकाळातील एकूण भाड्यात परत करावयाच्या अनामतीवरचे दरसाल दहा टक्के व्याज मिळवले जाते. म्हणजे अनामत मालकाकडे पडून असते तेव्हा तिचे व्याज हेही एक प्रकारचे भाडेच आहे, हे सरकारला ठाऊक आहे. तिजोरीत शुल्क भरून घेताना ते आठवते. तीच अनामत मालक चार-सहा महिने अडकवून ठेवतो तेव्हा मात्र त्या दहा टक्क्यांचा विसर पडतो.

मग कायद्यात भाडेकरूच्या बाजूने काहीच नाही काय? आहे, आणि कार्यकर्त्यांनी ते पाठ केले पाहिजे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ७४ सांगते की, करारभंगासाठी करारात एखादी रक्कम लिहिली असली तरी तेवढी रक्कम आपोआप मिळत नाही. त्या मर्यादेच्या आत वाजवी भरपाईच मिळते. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने याचा अर्थ स्पष्ट केला आणि २०१५ साली तोच पुन्हा सांगितला: नुकसान हा भरपाईचा पाया आहे. कलम ७३ चे स्पष्टीकरण सांगते की, नुकसान मोजताना ते टाळण्याचे कोणते उपाय हाताशी होते हेही पाहावे. साध्या भाषेत, पंधरा दिवसांत दुसरा भाडेकरू मिळाला, किंवा मिळत असताना मालकाने घेतला नाही, तर सहा महिन्यांचे भाडे मागता येत नाही. सुविधाधिकार कायद्याच्या कलम ६२ मध्येही परवानाधारकाने परवाना सोडून दिला की तो संपतो, ही गोष्ट मान्य केलेली आहे. याच कारणाने घाबरलेल्या भाडेकरूला पहिली गोष्ट सांगायची ती ही की, छापील कलम म्हणजे न्यायालयाचा हुकूम नव्हे. लेखी सूचना द्या, किल्ल्या दिल्याची पोच घ्या, जागेची छायाचित्रे काढून ठेवा, आणि जागा पुन्हा केव्हा भाड्याने गेली त्याची नोंद ठेवा.

पण हक्क पुस्तकात असणे आणि हाताशी असणे यात अंतर असते. अनामत मालकाच्या खिशात असते. म्हणून न्यायालयात जाण्याची पाळी नेहमी भाडेकरूवर येते. ज्याच्या हाती पैसे, त्याच्या हाती वेळ. कलम ७४ चा आधार वास्तवात त्यालाच मिळतो, ज्याला त्याची गरज नसते.

घर सोडण्याचा हक्क ही परकीय कल्पना आहे, असे कोणी समजू नये. जुन्या मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीत, परकीय सरकारच्या राज्यातसुद्धा, रयतेला वर्ष संपण्यापूर्वी मामलेदाराकडे लेखी राजीनामा देऊन जमीन सोडता येत असे, आणि पुढच्या वर्षाच्या साऱ्यातून ती मोकळी होत असे. जमीन सोडणाऱ्याचा राजीनामा आणि घेणाऱ्याची कबुलायत, हे दोन कागद महसूल दप्तरात जोडीने नांदत. आपण आज नोकरीच्या बाबतीत वापरतो तो राजीनामा हा शब्द आपल्या शेतकऱ्याने जमिनीच्या संदर्भात वापरलेला आहे.

दुसरे उदाहरण तर आपल्या घरातलेच. रत्नागिरी जिल्ह्यातील माणसे गिरण्यांत गेली तेव्हा लालबाग-परळच्या चाळींत गावकीच्या खोल्या असत. एका गावचे दहा-पंधरा गडी एका खोलीत राहत, भाडे वाटून देत. पेरणीला किंवा आजारपणात एखादा गावी गेला की त्याच्या जागी गावातला दुसरा येई आणि भिंतीकडेला त्याची ट्रंक लागे. जाणाऱ्याकडून पुढल्या सहा महिन्यांचे भाडे कोणी मागितले नाही. त्याची जागा घेणारा आला, हिशेब मिटला. या अडाणी समजल्या गेलेल्या गड्यांना करार कायद्याच्या कलम ७३ चे मर्म आपल्या छापील फॉर्मपेक्षा अधिक चांगले कळले होते.

२०२० च्या टाळेबंदीत ही गोष्ट सर्वांच्या डोळ्यांसमोर आली. चाकरमानी मिळेल त्या वाहनाने, कित्येक जण पायी, कोकणात परतले. गावच्या शाळेत विलगीकरणात बसलेल्या माणसाच्या मागे मुंबईच्या रिकाम्या खोलीचे भाडे चालूच होते. १७ एप्रिल २०२० रोजी राज्याच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली निदान तीन महिने पुढे ढकलण्याची सूचना मालकांना दिली आणि भाडे थकले म्हणून कोणाला काढू नये असे सांगितले. सूचना चांगली होती. पण तिचा आशय पुन्हा तोच: भाडेकरूला काढू नका, भाडे नंतर घ्या. ज्याचे काम गेले, जो परत जाणारच नव्हता, त्याला करारातून मोकळे करा, असे सूचनेत नव्हते. थकबाकी लांबली, सुटका झाली नाही.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप लहान मालकाचा. भाडेकरू केव्हाही जाऊ लागला तर निवृत्त माणसाने भाड्याच्या उत्पन्नाचा भरवसा कसा धरावा? हा आक्षेप माझ्याच वर्गाचा असल्याने मी तो गांभीर्याने घेतो. त्याचे उत्तर म्हणजे सूचनेची मुदत. महिनाभर आधी कळले तर दुसरा भाडेकरू पाहता येतो. मालकाला संरक्षण हवे ते जागा रिकामी राहण्यापासून. दुहेरी भाडे मिळण्याची हमी हे संरक्षण नव्हे.

दुसरा आक्षेप कराराच्या पावित्र्याचा. दोन सज्ञान माणसांनी सही केली, मग तक्रार कसली? पण ज्या कागदातील एक शब्दही बदलण्याची ताकद एका पक्षाकडे नसते, त्याला स्वेच्छेचा करार म्हणणे हा भाषेचा दुरुपयोग आहे. कामाच्या तासांवरही कामगार सही करीतच होता. म्हणून आठ तासांचा कायदा करू नये असे आपण म्हटले नाही.

तिसरा आक्षेप आपल्याच चळवळीच्या अनुभवातून येतो आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. घर सोडण्याचा हक्क दिला तर मालक आधीच कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवील आणि ‘भाडेकरूने स्वतःच जागा सोडली’ असे दाखवील. ही भीती रास्त आहे. कूळकायदा आला तेव्हा ‘राजीखुशीने जमीन सोडतो’ असे कुळांकडून लिहून घेण्याची साथच आली होती. परंतु त्यावर उपायही कूळकायद्यातच आहे: कुळाने जमीन सोडली ती लेखी असली पाहिजे आणि ती त्याने स्वखुशीने सोडली याची मामलेदाराने खातरजमा केली पाहिजे. तोच नियम येथे लावावा. प्रत्यक्ष राहायला आल्यानंतर, भाडेकरूने स्वतः नोंदणी कार्यालयाच्या संगणकीय व्यवस्थेत दिलेली सूचना तेवढी ग्राह्य. आगाऊ लिहून घेतलेली बाद.

इतर देशांनी हा प्रश्न कसा सोडवला आहे? जर्मनीत बेमुदत कराराने राहणारा भाडेकरू कितीही वर्षे राहिला असला तरी तीन महिन्यांच्या सूचनेने घर सोडू शकतो. मालकाला मात्र सबळ कारण लागते आणि भाडेकरू जितका जुना तितकी सूचनेची मुदत वाढत नऊ महिन्यांपर्यंत जाते. फ्रान्सच्या १९८९ च्या कायद्याने रिकाम्या घराच्या भाडेकरूसाठी तीन महिन्यांची सूचना ठरवली. नोकरी गेली, बदली झाली किंवा प्रकृतीमुळे घर बदलावे लागले तर ती एकाच महिन्याची होते. इंग्लंडच्या संसदेने २०२५ साली मंजूर केलेल्या कायद्यात ठरावीक मुदतीचे खाजगी भाडेकरार रद्द करून भाडेकरूला दोन महिन्यांच्या सूचनेने मोकळे होण्याची तरतूद आहे. हे सारे भांडवलशाही देश आहेत. तेथील घरमालक देशोधडीला लागलेले नाहीत.

आपल्याकडे केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी नमुना भाडेकरार कायदा मंजूर केला. तो राज्यांवर बंधनकारक नाही. त्यात राहण्याच्या घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा अधिक नसावी, ही तरतूद स्वागतार्ह आहे. पण घर सोडण्याच्या बाबतीत त्याने करारात लिहिलेली सूचना प्रमाण मानली. करारात काहीच लिहिले नसेल तरच एक महिन्याची. म्हणजे गाडी पुन्हा छापील फॉर्मपाशी येऊन थांबली. भाडेकरूचा हक्क करारातून काढून कायद्यात ठेवला नाही, तर तो हक्क राहत नाही.

यास्तव पक्षाने पुढील मागण्या स्वीकाराव्यात, असे मी सुचवतो. राहण्याच्या घराचा परवानाधारक पहिल्या दोन महिन्यांनंतर केव्हाही एक महिन्याच्या सूचनेने मोकळा व्हावा आणि याविरुद्ध करारात काहीही लिहिलेले असले तरी ते निरर्थक समजावे. नोकरी जाणे, बदली, गंभीर आजार, किंवा घरातील मारहाणीमुळे स्त्रीला बाहेर पडावे लागणे, अशा प्रसंगी दोन महिन्यांची अटही नसावी. भरपाई प्रत्यक्ष रिकाम्या राहिलेल्या दिवसांची आणि जास्तीत जास्त एक महिन्याच्या भाड्याइतकी असावी. भाडेकरूने योग्य बदली माणूस आणून दिला तर तीही नसावी. अनामत दोन महिन्यांच्या भाड्याइतकी मर्यादित असावी, किल्ल्या दिल्यापासून पंधरा दिवसांत ती परत मिळावी, आणि उशीर झाल्यास मुद्रांक शुल्कासाठी सरकार धरते त्याच दहा टक्के दराने व्याज मिळावे. आणि जो सक्षम प्राधिकारी मालकाला ताबा मिळवून देतो, त्याच्याच दारात भाडेकरूला अनामतीसाठी जाता यावे.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर साथींना करण्यासारखे पुष्कळ आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ पक्ष कार्यालयात करार वाचून दाखवण्यासाठी ठेवता येईल. जून-जुलैत, महाविद्यालये सुरू होताना आणि बदल्यांच्या हंगामात, तिची विशेष गरज असते. कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते, हे किती जणांना ठाऊक आहे? कंत्राटी कामगारांच्या संघटनांनी वेतन आणि कायम करण्याच्या मागणीबरोबर हीही मागणी जोडावी. मृणालताई गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेच्या द्वारे घर मिळण्याचा प्रश्न हा राजकारणाचा प्रश्न आहे हे मुंबईत दाखवून दिले. घर सोडण्याचा प्रश्न ही त्याचीच दुसरी बाजू आहे.

आणखी एक काम आहे, आणि ते सर्वांत अवघड आहे. आपल्या पक्षात, आपल्या सहानुभूतीदारांत माझ्यासारखे माडी किंवा ब्लॉक भाड्याने दिलेले लोक थोडे नाहीत. त्यांनी आज रात्री आपला करार कपाटातून काढून वाचावा. लॉक-इनचे कलम असेल तर पुढच्या करारात ते नको, असे एजंटाला सांगावे, आणि चालू करारापुरते भाडेकरूला तसे लिहून द्यावे. तोंडी आश्वासन नको. तोंडी दिली जाते ती दया. माझ्या माडीवर आता राहणाऱ्या कुटुंबाला मी एका पानावर तसे लिहून दिले आहे. त्या पानाने क्रांती होणार नाही, याची मला कल्पना आहे. पण जे आपण आपल्या भाडेकरूला लिहून देऊ शकत नाही, ते सरकारने कायद्यात लिहावे, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोठून येणार?